ग्लुकोजच्या वाटेवरचे राखणदार

रक्तातली साखर तपासायला गेलेल्या माणसाचे रक्त लॅबमध्ये राखाडी टोपणाच्या नळीत घेतात. त्या नळीत सोडियम फ्लोराइड असते. शरीराबाहेर काढलेल्या रक्तातल्या पेशी लगेच मरत नाहीत, नळीतही त्या ग्लुकोज खातच राहतात. साध्या नळीत, खोलीच्या तापमानाला ठेवलेल्या रक्तातली साखर तासाला साधारण ५ ते ७ टक्क्यांनी उतरते. फ्लोराइड हे खाणे थांबवते, पण लगेच थांबवत नाही. पहिला तास-दीड तास साखर उतरतच राहते आणि मग कुठे स्थिर होते. कारण फ्लोराइड ज्या विकराला, म्हणजे एन्झाइमला, निकामी करते ते इनोलेज हे ग्लुकोज मोडण्याच्या वाटेवरचे नववे विकर आहे. त्याच्या आधीची विकरे आपले काम चालू ठेवतात आणि पेशीतला ऊर्जेचा साठा संपला की मगच थांबतात. म्हणूनच फ्लोराइडच्या जोडीला सायट्रेट घालून रक्त आम्लधर्मी करणाऱ्या नळ्या वापराव्यात, अशी तज्ज्ञांची शिफारस आहे. आम्लता वाढताच वाटेच्या सुरुवातीची दोन महत्त्वाची विकरे, पहिले आणि तिसरे, तत्काळ मंदावतात.

एकच वाट, पण ती कुठे अडवली यावर सगळे अवलंबून. निरोगी पेशी आपली साखर कशी हाताळते, आजारी पेशीत काय बिघडते आणि औषध नेमके कुठे लागू पडेल, हे तिन्ही प्रश्न शेवटी याच एका मुद्द्यापाशी येतात.

या वाटेचे नाव ग्लायकोलायसिस. आपल्याकडे दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात ते येते. पेशीद्रव्यात दहा विकरे एकामागून एक काम करतात आणि सहा कार्बनच्या ग्लुकोजचे तीन कार्बनच्या पायरुवेटचे दोन रेणू होतात. सुरुवातीला एटीपीचे, म्हणजे पेशीच्या ऊर्जेच्या चलनाचे, दोन रेणू खर्च होतात, पुढे चार मिळतात, म्हणजे निव्वळ कमाई दोन एटीपींची. ऑक्सिजन लागत नाही. पायरुवेट तंतुकणिकेत, म्हणजे मायटोकॉन्ड्रियात, गेले आणि पूर्ण जळले, तर त्याच ग्लुकोजपासून सुमारे ३० एटीपी मिळतात. एवढ्यावर धडा संपतो आणि विद्यार्थ्याच्या मनात चित्र राहते ते एका सरळ नळाचे: वरून साखर ओतायची, खालून ऊर्जा काढायची. गेल्या शंभर वर्षांतल्या संशोधनाने हे चित्र पार बदलून टाकले आहे. ही दहा विकरे पेशीची परिस्थिती वाचतात, साखर जाळायची की साठवायची की तिच्यातून नवे सामान घडवायचे हे ठरवतात, आणि त्यांतली कित्येक हे काम बाजूला ठेवून भलतीच कामेही करतात.

वाट शोधायलाच चाळीसेक वर्षे लागली. १८९७ साली एडुआर्ड बुखनर यांनी यीस्टच्या पेशी चिरडून काढलेल्या निव्वळ रसाने साखर आंबवून दाखवली. जिवंत पेशीशिवाय आंबवण होते हे तेव्हा कुणाला पटणारे नव्हते. पुढच्या दशकात आर्थर हार्डन आणि विल्यम यंग यांना दिसले की या रसात फॉस्फेट घातले की आंबवण वेग घेते. साखरेला फॉस्फेट चिकटल्याशिवाय ती पुढे सरकत नाही, हा त्याचा अर्थ. मग गुस्टाव एम्बडेन, ओटो मायरहोफ आणि याकुब पार्नास यांनी स्नायूंवर काम करून दहा पायऱ्या जुळवल्या. मायरहोफ ज्यू होते. त्यांना १९३८ साली जर्मनी सोडून पॅरिस आणि पुढे अमेरिका गाठावी लागली. पार्नास १९४९ साली मॉस्कोत सोव्हिएत पोलिसांच्या ताब्यात असताना वारले. पाठ्यपुस्तकात ही तीन नावे एका ओळीत येऊन जातात. त्या ओळीमागची ही माणसे विद्यार्थ्यांना भेटली पाहिजेत असे मला फार वाटते.

पायऱ्या कळल्या, पण पाश्चर यांनी एकोणिसाव्या शतकातच टाकलेला एक पेच सुटला नव्हता. यीस्टला ऑक्सिजन मिळाला की ते साखर कमी खाते. वाटेतल्या एकाही विकराला ऑक्सिजन लागत नाही, मग त्यांना तो आल्याची वर्दी देते कोण?

उत्तर मुख्यतः तिसऱ्या पायरीवर, फॉस्फोफ्रुक्टोकायनेज या विकरात सापडले. याला सोयीसाठी पीएफके म्हणू. गावात पाण्याचा वॉलमन असतो, टाकीतली पातळी बघून तो कुठल्या आळीला किती पाणी सोडायचे ते ठरवतो. पीएफके तसे आहे. त्याच्या रेणूवर मुख्य कामाच्या जागेखेरीज आणखी काही जागा आहेत आणि तिथे पेशीतल्या पातळीची माहिती देणारे रेणू येऊन बसतात. एटीपी भरपूर असले की ते तिथे बसून पीएफकेला आवरते. एटीपी खर्ची पडून एएमपी वाढले की विकर पुन्हा मोकळे होते. तंतुकणिकेत इंधनाची रेलचेल झाली की तिथून सायट्रेट बाहेर येते आणि तेही पीएफकेला थोपवते. ऑक्सिजन आल्याची वर्दी अशी एटीपी आणि सायट्रेट यांच्या हातून पोचते.

१९८० साली बेल्जियममध्ये एमिल व्हान शाफ्टिंगन, लुई ह्यू आणि आंरी-गेरी हेर्स यांना पीएफकेवर हुकूम चालवणारा आणखी एक रेणू सापडला: फ्रुक्टोज २,६-बिसफॉस्फेट. याचा ऊर्जेसाठी काही उपयोग नाही, तो निव्वळ संदेश आहे. तो तयार करणारे आणि मोडणारे विकर एकच, त्याला दोन तोंडे आहेत. आपण उपाशी असलो की ग्लुकागॉन हे संप्रेरक यकृतात या विकराचे मोडणारे तोंड जागे करते. संदेश संपतो, पीएफके मंदावते आणि यकृत साखर जाळायचे सोडून उलट ती तयार करून रक्तात सोडू लागते. दिवसभराच्या उपवासातही मेंदूला ग्लुकोज मिळत राहते ते यामुळे. हृदयात मात्र याच विकराचे दुसरे रूप आहे आणि ॲड्रिनॅलिन आले की ते संदेश वाढवते, म्हणजे साखर जाळण्याचा वेग चढतो. यकृताने द्यायचे आणि हृदयाने घ्यायचे, अशी वाटणी एकाच विकराच्या दोन रूपांनी साधली आहे.

तरीही पीएफके हाच या वाटेचा एकमेव मालक, असे जे अजून शिकवले जाते ते मला मान्य नाही. १९८९ साली जर्मनीत यीस्टमध्ये या वाटेवरच्या विकरांचे प्रमाण एकेक करून, मग जोडीजोडीने वाढवून पाहिले. पीएफकेही वाढवले. अल्कोहोलचे उत्पादन वाढले नाही. २०१८ साली सस्तन प्राण्यांच्या पेशींवर झालेल्या अशाच बारकाईच्या कामात दिसले की ताबा चार ठिकाणी विभागलेला आहे: ग्लुकोज पेशीत घेणे, हेक्झोकायनेज, पीएफके आणि शेवटी पायरुवेटपासून झालेले लॅक्टेट बाहेर टाकणे. यांतल्या दोन जागा तर विकरांच्या नाहीतच, पेशीपटलातल्या वाहकांच्या आहेत. एकच पायरी दाबून सगळी वाट वश करू पाहणारी औषधे का फसली, याची चाहूल इथेच लागते.

पहिल्या पायरीवरचे विकर, हेक्झोकायनेज, चार रूपांत येते. मेंदूत, स्नायूंत आणि तांबड्या पेशींत हेक्झोकायनेजची जी रूपे आहेत ती अगदी थोड्या ग्लुकोजवरही पूर्ण भरात काम करतात. यकृतात आणि स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींत चौथे रूप आहे, ग्लुकोकायनेज. रक्तातली साखर जेवणानंतर वाढते त्याच पट्ट्यात याचा वेग चढत जातो. त्यामुळे बीटा पेशीत ते साखर मोजण्याचे यंत्र ठरते: जितकी साखर, तितका वेग, तितके एटीपी, तितके इन्सुलिन. फ्रान्झ माचिन्स्की यांनी ही कल्पना मांडली आणि १९९२ साली फ्रान्समधल्या कुटुंबांच्या अभ्यासातून तिला माणसातला पुरावा मिळाला. ग्लुकोकायनेजच्या जनुकाची एक प्रत बिघडलेली असेल तर मोजमापाचा शून्यबिंदूच वर सरकतो. अशा माणसाची उपाशीपोटीची साखर जन्मापासून १०० ते १५० मिलिग्रॅमच्या दरम्यान राहते, साखरेची गेल्या काही महिन्यांतली सरासरी सांगणारे एचबीए१सी सहसा ७.५ टक्क्यांच्या वर जात नाही, आणि वर्षानुवर्षे फारशी वाढही होत नाही. डोळे, किडनी सहसा शाबूत राहतात. गरोदरपण वगळता या प्रकाराला बहुधा औषध लागत नाही, कारण औषधाने साखर खाली ओढली तरी शरीर तिला आपल्या ठरलेल्या पातळीवर परत आणते.

याच्या उलट, ग्लुकोकायनेज जास्तच तल्लख करणारे जनुकीय बदलही आहेत. त्या बाळांची साखर धोकादायक रीतीने खाली जाते. एक विकर, त्याची सुई डावीकडे ढळली तर एक आजार, उजवीकडे ढळली तर दुसरा. या सुईला औषधाने हलके ढकलता येईल का, हा प्रयत्न वीसेक वर्षे चालला. आधीच्या औषधांचा परिणाम काही महिन्यांत ओसरला, काहींनी यकृतात चरबी वाढवली. डोर्झाग्लिआटिन या औषधाला २०२२ साली चीनमध्ये परवानगी मिळाली आहे. त्याचे दीर्घकालीन फळ अजून दिसायचे आहे.

ग्लायकोलायसिसवर पूर्णपणे विसंबलेली पेशी म्हणजे आपली तांबडी रक्तपेशी. तिच्यात केंद्रक नाही, तंतुकणिका नाही. सुमारे १२० दिवसांचे तिचे आयुष्य या दहा विकरांवरच निघते. शिवाय तिने या वाटेला एक आडवाट फोडली आहे. सातव्या पायरीच्या आधीच एक रेणू बाजूला वळवून ती २,३-बीपीजी बनवते. हा रेणू हिमोग्लोबिनला चिकटून त्याच्याकडून ऊतींना ऑक्सिजन सोडायला लावतो. उंच डोंगरावर गेल्यावर शरीर याचे प्रमाण वाढवते. ऑक्सिजन पोचवण्याचे काम असे साखरेच्या वाटेशी बांधलेले आहे.

म्हणून या वाटेवरच्या विकरांची उणीव सगळ्यांत आधी रक्तात दिसते. १९६१ साली पायरुवेट कायनेज या दहाव्या विकराच्या कमतरतेची पहिली नोंद झाली. बाळाला जन्मतः तीव्र कावीळ होते, पुढे तांबड्या पेशी वेळेआधी फुटत राहतात, रक्त चढवावे लागते, प्लीहा काढावी लागते. वारंवार रक्त न चढवलेल्या रुग्णांतही शरीरात लोह साचते. पण इथे एक विलक्षण गोष्ट घडते. वाट शेवटी तुंबल्यामुळे वरचे रेणू साठतात, त्यांत २,३-बीपीजीही वाढते, आणि हिमोग्लोबिन कमी असूनही हे रुग्ण अपेक्षेपेक्षा बरे चालतात-फिरतात. हेक्झोकायनेज कमी असलेल्या रुग्णात मात्र वाट पहिल्या पायरीवरच आटते, २,३-बीपीजी घटते आणि तेवढ्याच हिमोग्लोबिनवर त्याला जास्त थकवा जाणवतो. रक्ताचा अहवाल सारखा, माणसाचे हाल वेगळे. फरक फक्त वाट कुठे तुटली याचा.

दोन्ही पालकांकडून बिघडलेली प्रत आली तरच पायरुवेट कायनेजच्या कमतरतेचा आजार होतो, त्यामुळे मामे-आते भावंडांत लग्ने होणाऱ्या समाजांत त्याची शक्यता वाढते. मुंबईत केईएम रुग्णालयाच्या आवारातल्या राष्ट्रीय प्रतिरक्षा रक्तशास्त्र संस्थेने भारतीय रुग्णांत पायरुवेट कायनेजच्या आणि दुसऱ्या पायरीवरच्या ग्लुकोज फॉस्फेट आयसोमरेजच्या कमतरतेमागचे जनुकीय बदल नोंदवले आहेत. हे काम मोलाचे आहे, कारण आपल्याकडे अशी कावीळ आणि पांडुरोग दिसला की तपासणी थॅलेसेमिया आणि जी६पीडी या दुसऱ्या एका विकराच्या कमतरतेपाशी थांबते. निदानच झाले नाही, तर उपचाराचा प्रश्नच येत नाही.

आणि उपचार आता आहे. मिटापिवॅट हे औषध पायरुवेट कायनेजला चिकटून त्याची घडी सावरते आणि त्याला कामाला लावते. अमेरिकेत त्याला फेब्रुवारी २०२२ मध्ये मान्यता मिळाली. ज्यांच्या शरीरात ते विकर थोडेफार तरी तयार होते त्यांनाच याचा लाभ होतो; दोन्ही प्रतींतून विकर बनतच नसेल तर औषधाला धरायला काही उरत नाही. निरोगी विकरालाही ते उत्तेजन देते, त्यामुळे थॅलेसेमियासारख्या वेगळ्या कारणाच्या आजारांतही ते उपयोगी पडते का, याच्या चाचण्या झाल्या. या क्षेत्रातल्या गेल्या पन्नास वर्षांतली ही मला सर्वांत आशादायक घडामोड वाटते.

बाकीच्या उणिवांत तीन गोष्टी सांगण्याजोग्या. सेइइचिरो तारुई यांनी १९६५ साली जपानमध्ये स्नायूंतल्या पीएफकेच्या कमतरतेचे वर्णन केले. या रुग्णांच्या स्नायूंना श्रमात पेटके येतात, आणि गोड खाऊन व्यायामाला लागले तर त्रास वाढतो. त्यांचे स्नायू साखर जाळू शकत नाहीत, ते मेदाम्लांवर चालतात. साखर खाल्ली की इन्सुलिनमुळे रक्तातली मेदाम्ले घटतात आणि होते ते इंधनही जाते. दुसरी गोष्ट यकृतातल्या अल्डोलेज बी या विकराची. ते कमी असले तर फ्रुक्टोज विषासारखे बाधते. अशी मुले फळे आणि गोड पदार्थ आपणहून नाकारतात, आणि मोठेपणी त्यांचे दात किडीपासून बरेच सुरक्षित आढळतात. पाचव्या पायरीवरच्या ट्रायोज फॉस्फेट आयसोमरेजची उणीव मात्र फार क्रूर आहे: रक्ताबरोबर मज्जासंस्थाही ढासळते आणि बहुतेक मुले लहानपणीच जातात. त्यांच्यात नेहमी आढळणाऱ्या जनुकीय बदलात विकराची रासायनिक क्षमता जवळपास टिकून असते, बिघडते ती त्याच्या दोन भागांची जोडणी. निव्वळ ऊर्जेच्या तुटवड्याने या आजाराचा उलगडा होत नाही.

मधुमेहात किडनी, डोळे आणि नसा का बिघडतात, याचा एक मोठा धागाही याच वाटेवर आहे. सहाव्या पायरीवर जीएपीडीएच हे विकर असते. मायकल ब्राउनली यांच्या मांडणीनुसार, जादा साखरेमुळे तंतुकणिकेतून बाहेर पडणारे क्रियाशील ऑक्सिजन रेणू पेशीच्या डीएनएला इजा करतात, आणि त्या दुरुस्तीच्या धांदलीत जीएपीडीएच निकामी होते. मग वरचे सगळे रेणू तुंबतात आणि आडवाटांनी वाहू लागतात: कुणी सॉर्बिटॉलकडे, कुणी प्रथिनांना चिकटून त्यांना कडक करणाऱ्या संयुगांकडे. २०१७ साली बॉस्टनच्या जोस्लिन केंद्राने पन्नास वर्षांहून जास्त काळ टाइप १ मधुमेह असूनही किडनी शाबूत राहिलेल्या माणसांचा अभ्यास मांडला. त्यांच्या किडनीत ग्लायकोलायसिसची विकरे, विशेषतः पायरुवेट कायनेजचे एम२ रूप, जास्त आढळले. वाट वाहती राहिली तिथे इजा कमी झाली. मधुमेहाच्या संशोधनात या निष्कर्षाला अजून हवे तेवढे महत्त्व मिळालेले नाही.

कर्करोगाकडे आता येतो, कारण या विषयावर सर्वांत जास्त लिहिले जाते ते त्याबद्दल, आणि सर्वांत जास्त गैरसमजही तिथेच आहेत. १९२० च्या दशकात ओटो वारबुर्ग यांनी दाखवले की गाठीच्या पेशी ऑक्सिजन असतानाही ग्लुकोजचे लॅक्टेट करत राहतात. त्यांनी कारण दिले की या पेशींचे श्वसनच मोडलेले असते, आणि मरेपर्यंत ते या मतावर ठाम राहिले. निरीक्षण पक्के ठरले, कारण चुकीचे. बहुतेक गाठींतल्या तंतुकणिका काम करत असतात. विभागणाऱ्या पेशीला ऊर्जेइतकीच सामानाची गरज असते, आणि ग्लायकोलायसिसच्या मधल्या पायऱ्यांवरून ते सामान निघते: एका फाट्यावरून डीएनएसाठी लागणारी रायबोज साखर, दुसऱ्यावरून सेरीन हे अमिनो आम्ल, आणखी एकावरून मेदपटलांसाठी ग्लिसरॉल. गाठींत हेक्झोकायनेज २ वाढलेले असते आणि पायरुवेट कायनेजचे मंद एम२ रूप पुढे येते. २००८ साली लुईस कँटली यांच्या गटाने हे मंद रूप गाठीला फायद्याचे असल्याचे दाखवले. पाच वर्षांनी उंदरांत एम२ काढूनच टाकले, तरी स्तनाच्या गाठी झाल्याच. तेव्हा एका विकराला खलनायक ठरवून भागत नाही.

ऑक्सिजन कमी पडल्यावर ही विकरे वाढवण्याचा हुकूम एचआयएफ या प्रथिनाकडून येतो. ग्रेग सेमेन्झा यांनी १९९४ मध्ये हे दाखवले, आणि ऑक्सिजन ओळखण्याच्या या यंत्रणेबद्दल त्यांना, पीटर रॅटक्लिफ आणि विल्यम केलिन यांना २०१९ चे नोबेल मिळाले.

वारबुर्ग यांच्या निरीक्षणाचा खरा लाभ रुग्णाला झाला तो पेट स्कॅनमध्ये. ग्लुकोजच्या रेणूवरचा एक हायड्रॉक्सिल गट काढून तिथे किरणोत्सारी फ्लोरिन बसवतात. पेशी तो ग्लुकोज समजून आत घेते, हेक्झोकायनेज त्याला फॉस्फेट लावते, आणि पुढच्या विकराला तो हाताळता येत नाही. रेणू तिथेच अडकतो आणि जिथे हेक्झोकायनेज जास्त ती जागा पडद्यावर चमकते. या फ्लोरिनचे अर्धायुष्य जेमतेम ११० मिनिटांचे, म्हणून तो बनवणारे सायक्लोट्रॉन जवळ असावे लागते. मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये २००२ साली भारतातले पहिले पेट केंद्र सुरू झाले. आज महाराष्ट्रातल्या मोठ्या शहरांत ही तपासणी नित्याची झाली आहे, आणि मेंदू व हृदय या निरोगी अवयवांतही ती चमक दाखवते, याचे कारणही तेच विकर.

गाठ साखरेवर जगते म्हणून ही वाट बंद करू, असे वाटणे स्वाभाविक होते. २-डीऑक्सिग्लुकोज, लोनिडामिन अशी औषधे आली. चाचण्यांत त्यांनी फारसे काही साधले नाही. मेंदू, तांबड्या पेशी आणि कर्करोगाशी लढणाऱ्या टी पेशी याच वाटेवर आहेत, तेव्हा सगळीकडे वाट बंद करायला वावच नाही. त्यापेक्षा हुशारीचा मार्ग २०१२ साली दिसला. मेंदूच्या काही गाठींत शेजारचे जनुक गमावताना इनोलेज १ चे जनुकही गेलेले असते. त्या पेशी पूर्णपणे इनोलेज २ वर तगतात. ते रोखले की फक्त गाठीच्या पेशी मरतात. हे अजून प्रयोगांच्या टप्प्यावर आहे, पण दिशा बरोबर आहे. घरोघरी फिरणारा ‘साखर बंद करा, कॅन्सर उपाशी मरेल’ हा संदेश मात्र रुग्णाचे नुकसान करतो. आहारातून साखर गेली तरी यकृत ती बनवतेच, आणि केमोथेरपी चालू असताना वजन गमावलेला रुग्ण उपचार सोसू शकत नाही.

ही विकरे साखरेपलीकडे काय करतात हे प्रकरण स्वतंत्र लेखाचे आहे, पण काही गोष्टी टाळता येत नाहीत. जीएपीडीएच रिकामे असले की टी पेशीत इंटरफेरॉन-गॅमाच्या आरएनएला चिकटून त्याचे प्रथिन बनू देत नाही. साखर वाहू लागली की ते कामावर परतते आणि इंटरफेरॉन तयार होते. २०१३ चा हा शोध रोगप्रतिकार आणि चयापचय यांना थेट जोडतो. अल्डोलेजला त्याचा कच्चा माल मिळाला नाही तर ते ऊर्जाटंचाईची यंत्रणा जागी करते. बदकाच्या डोळ्याच्या भिंगातले एक मुख्य प्रथिन म्हणजे इनोलेजच. इतके असूनही जगभरच्या प्रयोगशाळा जीएपीडीएचला ‘न बदलणारे’ समजून इतर प्रथिने त्याच्याशी ताडून मोजतात. कर्करोग, मधुमेह किंवा ऑक्सिजनटंचाईच्या अभ्यासात ही पद्धत सोडायला हवी.

निव्वळ टाकाऊ पदार्थ म्हणून झालेली लॅक्टेटची बदनामीही आता पुसली गेली आहे. जॉर्ज ब्रूक्स यांनी दाखवले की एक ऊती ते सोडते, दुसरी इंधन म्हणून वापरते; हृदय तर ते आवडीने जाळते. २०१९ साली हिस्टोन प्रथिनांवर लॅक्टेट चिकटून जनुके चालू होतात असे आढळले. शरीरात या यंत्रणेचे वजन किती, यावर अजून वाद आहे.

मलेरियाचा परजीवी तांबड्या पेशीत शिरला की तिचा ग्लुकोजचा खप कित्येक पटींनी वाढतो. त्याचे स्वतःचे लॅक्टेट डिहायड्रोजनेज आपल्यापेक्षा इतके वेगळे आहे की रक्ताच्या एका थेंबात ते ओळखता येते, आणि मलेरियाच्या झटपट तपासणीच्या अनेक किटमधली रेघ त्यावरच उमटते. गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात, जिथे सूक्ष्मदर्शक दूर आणि ताप रोजचा, तिथे आशा कार्यकर्तीच्या हातातल्या अशा किटवर वेळेवरचा उपचार अवलंबून असतो. दुसरीकडे पायरुवेट कायनेज कमी असलेल्या माणसांच्या तांबड्या पेशींत हा परजीवी नीट वाढत नाही, असे प्रयोगशाळेत २००८ मध्ये दिसले.

एवढ्या पसाऱ्यातून माझा निष्कर्ष असा: ही वाट सरसकट अडवण्याचे प्रयत्न फसले, आणि एका ठिकाणचे, एका रूपाचे विकर ओळखून त्याला सावरण्याचे किंवा त्याचा निदानासाठी वापर करण्याचे प्रयत्न यशस्वी झाले. यासाठी आधी निदान हवे, आणि आपण कमी पडतो ते तिथेच. बाळाची कावीळ लांबली, पांडुरोग राहिला आणि थॅलेसेमिया व जी६पीडीच्या तपासण्या कोऱ्या आल्या, तर पायरुवेट कायनेजची तपासणी मागा. तरुण, सडपातळ माणसाची उपाशीपोटीची साखर वर्षानुवर्षे थोडीच वाढलेली असेल आणि आई-वडिलांपैकी एकाचीही तशीच असेल, तर आयुष्यभराच्या गोळ्या सुरू करण्याआधी ग्लुकोकायनेजच्या जनुकाची तपासणी करून घेण्याबद्दल डॉक्टरांना विचारा.